डोळ्यांत न दिसणारी कावीळ

मराठी भाषेत ताप चढतो आणि उतरतो, पण कावीळ मात्र होते आणि उतरते. उतरण्याची तिची ही वृत्ती लोकांच्या इतकी परिचयाची आहे की, घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी हळदीच्या पाण्यासारखी होऊ लागली आणि अन्न पाहताच शिसारी येऊ लागली, म्हणजे वडीलधारी माणसे फारशी घाबरत नाहीत. तेलतूप बंद करावे, उसाचा रस पाजावा, अंथरुणावर पडून राहू द्यावे, म्हणजे चार-सहा आठवड्यांत पिवळेपणा ओसरेल, हा त्यांचा हिशेब असतो. आणि दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीपुरता तो निरोगी देहाच्या बाबतीत बहुतेक वेळा खराही ठरतो. अशा काविळीची मुख्य कारणे दोन. एक ‘हिपॅटायटिस ए’ नावाचा विषाणू आणि दुसरा ‘हिपॅटायटिस ई’. दोघेही मळाच्या वाटेने बाहेर पडतात, पाण्यात वा अन्नात मिसळतात, तोंडावाटे दुसऱ्याच्या पोटात शिरतात आणि यकृतात ठाण मांडतात. तेथून त्यांना हुसकावून लावते ती शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. औषध नव्हे, आणि उसाचा रस तर नव्हेच.

आता असा विचार करावा की, ज्याच्या देहातील ही प्रतिकारशक्तीच मुद्दाम मंद केलेली आहे, त्याचे काय होत असेल?

हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी वसईच्या एखाद्या वाडीत कोणी विचारला असता, तर तो निव्वळ तर्कटपणा ठरला असता. त्या काळी मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस फार दिवस जगतच नसे. सांप्रतची स्थिती वेगळी आहे. आगाशीपासून पापडीपर्यंत आणि नालासोपाऱ्याच्या चाळींपासून विरारच्या उत्तुंग इमारतींपर्यंत अशी घरे आढळतात की, जेथे आईने मुलास किंवा पत्नीने पतीस आपले एक मूत्रपिंड दिले आहे. जेथे कोणी रक्ताच्या कर्करोगावरील औषधे घेऊन पहाटेच्या गाडीने परळच्या रुग्णालयाची वारी करीत आहे. जेथे संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके म्हणून झिडकारू नये, यासाठी रोग्यास टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांचे काम एकच : शरीराच्या पहारेकऱ्यांना अर्धवट निजवून ठेवणे. पहारेकरी निजला म्हणजे पाहुणा सुखरूप राहतो हे खरे. परंतु त्याच दाराने चोरही आत येतो, आणि आलेला चोर बाहेर जात नाही.

ह्या चोराचा शोध कसा लागला, तो इतिहास ऐकण्यासारखा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ उसळली. नजफगढ नाल्याचे घाण पाणी यमुनेत उलटून वझिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी आले होते. थोड्याच आठवड्यांत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. तो रोग त्या वेळी ‘ए’ विषाणूचाच समजला गेला, कारण पाण्यातून पसरणारी दुसरी कावीळ कोणास ठाऊकच नव्हती. सुदैवाने त्या साथीतील रोग्यांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवलेले होते. पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. त्याचीच पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. तेथील डॉ. खोरशेद पावरी आदी संशोधक व त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी ते जुने नमुने नव्या कसोट्यांवर तपासले, आणि १९८० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, हा रोग ‘ए’चाही नव्हे आणि ‘बी’चाही नव्हे. त्याच वर्षी काश्मीरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी आपल्या खोऱ्यातील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून तोच निर्णय स्वतंत्रपणे मांडला.

विषाणू प्रत्यक्ष दाखविण्याचे काम मात्र एका रशियन शास्त्रज्ञाने केले, आणि तेही अशा रीतीने की, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. अफगाणिस्तानात लढणाऱ्या सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ पसरली होती. मिखाइल बलायान यांनी त्या रोग्यांच्या मळाचा अर्क काढला आणि तो स्वतः प्राशन केला. त्यांस ‘ए’ची कावीळ पूर्वी होऊन गेली होती; म्हणून पुन्हा कावीळ झाली तर ती निराळ्या विषाणूची, हे उघड होते. ती झाली. त्यांनी आपल्याच मळातून विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि १९८३ साली ते वृत्त प्रसिद्ध केले. बलायान बरे झाले, कारण त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. त्यामुळे वैद्यकाच्या पुस्तकांत पुढली पंचवीस वर्षे एक वाक्य निःशंकपणे छापले जात राहिले : हिपॅटायटिस ई हा तात्पुरता रोग असून तो कधीही जीर्ण होत नाही.

२००८ साली ते वाक्य खोडावे लागले. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ येथे नासिम कामार व त्यांचे सहकारी अवयवरोपण झालेल्या रोग्यांची देखरेख करीत असत. काही रोग्यांच्या रक्तात यकृताची द्रव्ये विनाकारण वाढलेली दिसत. त्यांनी अशा १४ जणांत ‘ई’चा संसर्ग शोधून काढला, आणि त्यांपैकी ८ जणांच्या शरीरातून तो विषाणू महिनोन्महिने गेलाच नाही. तो यकृतात मुक्काम करून राहिला. पुढे यूरोपातील अनेक रुग्णालयांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे दिसले की, रोपण झालेल्या माणसास हा संसर्ग झाला, तर सुमारे दोनतृतीयांश जणांत तो जीर्ण होतो. आणि काहींचे यकृत दोन-तीन वर्षांतच घट्टे पडून आकसू लागते. मद्यप्याचे यकृत ज्या अवस्थेस यावयास दशके लागतात, त्या अवस्थेस मद्याचा थेंबही न घेतलेला माणूस इतक्या अल्पावधीत पोहोचतो.

आणि ह्या सर्व काळात त्याचे डोळे पिवळे होतातच असे नाही!

श्रोत्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. काविळीचा पिवळेपणा आणि यातना पुष्कळशा विषाणूमुळे नव्हे, तर विषाणूवर तुटून पडणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या झटापटीमुळे उत्पन्न होतात. झटापटच मंद असेल, तर धूरही दिसत नाही. रोग्यास थोडा थकवा वाटतो. तो त्याला औषधांचा परिणाम समजतो. घरची माणसे डोळे पाहतात, ते पांढरे असतात. लघवी पाहतात, ती स्वच्छ असते. एवढेच नव्हे, तर संसर्ग ओळखण्याची जी नेहमीची परीक्षा, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांची, तीही अशा रोग्यात फसवी ठरू शकते. कारण प्रतिपिंडे निर्माण करणारे कारखानेच औषधांनी मंद केलेले असतात. येथे विषाणूचा स्वतःचा अंश, त्याचे आरएनए, रक्तात वा मळात शोधावे लागते. ती परीक्षा कोणी सुचविलीच नाही, तर वाढलेल्या यकृतद्रव्यांचा दोष एखाद्या निरपराध गोळीवर ठेवला जातो आणि विषाणू आपले काम करीत राहतो.

उपाय नाही असे नाही. तज्ज्ञ डॉक्टर प्रथम रोपणाच्या औषधांची मात्रा जपून कमी करतात. तेवढ्यानेच सुमारे एकतृतीयांश रोगी विषाणूमुक्त होतात. बाकीच्यांस रिबाव्हिरिन नावाचे औषध साधारणतः तीन महिने देतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ५९ रोग्यांच्या वृत्तांत ७८ टक्के रोगी त्याने कायमचे बरे झाले. पण ह्या औषधाने रक्त उतरते आणि गर्भवतीस ते सर्वथा वर्ज्य आहे. रोपणाची औषधे रोग्याने आपल्या मनाने कमी केली, तर यकृत वाचविण्याच्या खटपटीत मूत्रपिंड गमवावे लागेल, हे निराळे सांगावयास नको.

येथे एक शंका रास्त आहे. फ्रान्समधील ही हकीकत वसईकरास कितपत लागू पडते? ह्या विषाणूच्या अनेक जाती आहेत. पहिली व दुसरी जात केवळ माणसांत राहते आणि मुख्यतः दूषित पाण्यातून पसरते. तिसरी व चौथी डुक्कर, रानडुक्कर, हरिण अशा जनावरांत वसते आणि त्यांच्या कच्च्या वा अर्ध्याकच्च्या मांसातून माणसाकडे येते. फ्रान्समध्ये जी जीर्ण झाली ती तिसरी. कॉर्सिका बेटात डुकराच्या यकृताचे ‘फिगातेलू’ नामक सॉसेज खाण्याची चाल आहे, आणि ते न शिजविता खाणाऱ्यांना हा रोग होतो, असे २०१० साली मार्सेयच्या संशोधकांनी दाखविले. भारतात माणसांच्या रक्तात आढळते ती बहुधा पहिली जात. पुण्याच्या संस्थेने २००२ साली पश्चिम भारतातील डुकरे व माणसे यांचे विषाणू ताडून पाहिले, तेव्हा डुकरांतील जात चौथी आणि माणसांतील पहिली, असा भेद स्पष्ट झाला. पहिली जात जीर्ण झाल्याची उदाहरणे विरळा आहेत. लखनौ येथे मूत्रपिंडरोपण झालेल्या रोग्यांची पाहणी होऊन २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही ह्या संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून यूरोपचे आकडे जसेच्या तसे उचलून वसईत घबराट माजविणे शहाणपणाचे होणार नाही.

परंतु स्वस्थ बसणेही तितकेच अयोग्य. चौथी जात चीनमध्ये काही रोग्यांत जीर्ण झालेली आहे, आणि ती येथील डुकरांत आहेच. शिवाय वसईची माणसे वसईतच राहतात थोडीच? येथील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीस आहेत. उंटातही ह्या विषाणूची एक जात राहते. मध्यपूर्वेतील एका यकृतरोपण झालेल्या गृहस्थास उंटाचे मांस व दूध नित्य सेवन केल्याने ती जडली व जीर्ण झाली, ही हकीकत २०१६ सालची. हाँगकाँगमध्ये तर २०१८ साली यकृतरोपण झालेल्या एका ५६ वर्षांच्या मनुष्याच्या अंगात उंदराचा विषाणू आढळला! स्वयंपाकघरातील उंदीर हा आजवर चेष्टेचा विषय होता. अशा घरी तो तसा राहिलेला नाही.

आणि पहिल्या जातीलाही सौम्य समजू नये. कोल्हापुरात १९८१ साली आणि इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथी झाल्या. इचलकरंजीस पंचगंगेच्या प्रदूषित पाण्याने हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. निरोगी माणूस अशा साथीतून बहुधा तरतो. पण ज्याचे यकृत मद्याने वा जुन्या ‘बी’ काविळीने आधीच झिजलेले असते, त्याचे यकृत ह्या एका धक्क्याने कोलमडते. गर्भवतीची गोष्ट तर अतिशय करुण आहे. गर्भ हा देखील एका अर्थी परका जीव. त्यास सांभाळून घेण्यासाठी मातेचे शरीर आपल्या प्रतिकाराची घडी बदलते. शेवटच्या तीन महिन्यांत तिला ‘ई’ची कावीळ झाली, तर शंभरांतून वीस ते पंचवीस जणींचा मृत्यू होऊ शकतो. तिच्या बाबतीत ‘उतरेल आपोआप’ हे वाक्य घरात कोणी उच्चारूही नये. त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे.

आता वसईच्या पाण्याकडे वळावे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र. मध्ये विहिरींची, बावखलांची आणि केळीच्या वाड्यांची ही सुपीक पट्टी. एके काळी रहाटाचे पाणी वाडीसही पुरे आणि माणसासही. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि वस्ती इतक्या झपाट्याने वाढली की, सूर्या, उसगाव व पेल्हारचे पाणी नळाने येत असूनही अनेक वसाहतींच्या दारात टँकर उभा राहिलेला दिसतो. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतले, त्या विहिरीपासून शौचकूप किती हातांवर, हे विचारण्याची पद्धत नाही. पावसाळ्यात खाडी तुंबली आणि २०१८ च्या जुलैप्रमाणे रस्त्यांचे ओढे झाले, म्हणजे गटार, बावखल आणि जमिनीखालची टाकी यांच्यातील मर्यादा पाण्याखाली जाते. पाणी दिसावयास स्वच्छ असते, आणि फसगत होते ती येथेच. गाळण्याच्या फडक्यास हा विषाणू जुमानत नाही. पाणी खळखळून उकळावे, उकळी आल्यावरही किमान एक मिनिट विस्तवावर राहू द्यावे, आणि झाकलेल्या भांड्यातून ओगराळ्याने घ्यावे. पुष्कळ घरांत एवढे कटाक्षाने पाळले जाते. आणि मग त्याच पाहुण्यास बाजारच्या बर्फाचे सरबत दिले जाते! थंडीने विषाणू मरत नाही. बर्फात तो जणू जपून ठेवला जातो. उसाच्या रसाची गोष्ट तीच. काविळीवरचा उपाय म्हणून जो रस आणावयाचा, त्याच्या चरकावर माश्या आणि पेल्यात तो बर्फ, अशी स्थिती असेल, तर उपाय आणि अपाय एकाच भांड्यातून घरी येतात.

समुद्रकाठच्या ह्या भागात शिंपल्यांचा विचार करावाच लागतो. कालवे, तिसऱ्या, खुबे हे जीव सभोवतालचे पाणी आपल्या अंगातून गाळून त्यातील अन्नकण टिपतात. त्या पाण्यात मैला मिसळला असेल, तर विषाणूही त्यांच्या पोटात साठत जातो. १९८८ च्या आरंभी चीनमधील शांघाय शहरात सुमारे तीन लाख माणसांना ‘ए’ची कावीळ झाली, ती अशाच शिंपल्यांनी. तेथे ते उकळत्या पाण्यात नुसते बुचकळून खाण्याची आवड होती. आपल्याकडे कोणी कच्च्या तिसऱ्या खात नाही. पण ‘तोंड उघडले की शिजल्या’ हा जो सुगरणींचा संकेत आहे, तो चवीपुरता खरा, निर्धोकपणापुरता नव्हे. शिंपले उघडतात ते विषाणू मरण्याच्या पुष्कळ आधी. आतील मांसास सुमारे ९० अंश उष्णता दीड मिनिट तरी पोहोचली पाहिजे. अर्थात तोंडे उघडल्यावर कालवण आणखी काही मिनिटे रटरटू द्यावे. तिसऱ्या थोड्या चिवट होतील. ज्याच्यासाठी शिजवावयाच्या त्याच्या जिवापेक्षा त्या महाग नाहीत.

डुकराच्या मांसाबद्दल वसईच्या ख्रिस्ती घरांतील जुन्या पाककृतींना दोष देता येत नाही. उलट त्यांचे कौतुकच करावे लागेल. इंद्याल काय किंवा सोरपोटेल काय, दोन्ही मंद विस्तवावर दीर्घकाळ शिजणारे पदार्थ. फ्रान्समधील प्रयोगात असे आढळले की, मांसातील विषाणू पुरता नाहीसा होण्यास ७१ अंश उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचून वीस मिनिटे टिकावी लागते; सणासुदीच्या पातेल्याखाली विस्तव याहून कितीतरी अधिक वेळ असतो. मात्र केवळ सिरक्याच्या आंबटपणावर कोणी विसंबू नये, आणि बाजारचे सॉसेज तव्यावर नुसते लालसर परतून रुग्णाच्या पानात वाढू नये. खरा धोका पातेल्यात नसून पाटावर आहे. सोरपोटेलात यकृत पडते, आणि यकृत हेच ह्या विषाणूचे घर. ते ज्या सुरीने चिरले, त्याच सुरीने पाठोपाठ काकडी व कांदा चिरला गेला, तर उत्तम शिजलेले मांस निर्दोष राहते आणि शेजारची कोशिंबीर विषारी होते. शाकाहारी घरांनीही निश्चिंत राहू नये. पुदिना, कोथिंबीर, कोबी ह्या भाज्या कोणत्या पाण्यावर पोसल्या व कोणत्या पाण्याने ताज्या ठेवल्या, हे त्या सांगत नाहीत. रुग्णासाठी त्या शिजवाव्यात. फळ सालीचे द्यावे व ते घरी सोलावे. वसईत केळ्यांस तोटा नाही. हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावेत. हातावर चोळावयाचे मद्यार्काचे द्रव ह्या विषाणूंपुढे भरवशाचे नाहीत.

काविळीच्या माळेचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. रोग्याच्या डोक्यावर वा गळ्यात एक आखूड माळ घालतात. दिवसेंदिवस ती वाढत वाढत पोटापर्यंत उतरली, म्हणजे तिच्याबरोबर कावीळ उतरली, अशी समजूत आहे. सुशिक्षित घरांतूनही ती अद्याप गेलेली नाही, आणि तिच्या टिकाऊपणाचे कारण अगदी सरळ आहे : निरोगी माणसाची कावीळ माळेशिवायही तितक्याच दिवसांत उतरते. शंभरांतील नव्याण्णवांच्या बरे होण्याचे श्रेय माळेस मिळत असेल, तर तिला अपयश येणार कोठून? रोपण झालेल्या रुग्णाच्या घरी मात्र माळ घालणाऱ्यापेक्षा झाडपाल्याचा काढा देणाऱ्याची भीती अधिक. त्या काढ्याने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण कमीजास्त होऊ शकते, आणि काही मुळ्या स्वतःच यकृतास बाधतात.

लसीचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. ‘ए’ची लस आहे, रोपणापूर्वी घेतल्यास ती अधिक गुण देते, परंतु ती मृत विषाणूची असली पाहिजे. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लसही भारतात मिळते, ती अशा रोग्यास देऊ नये. ‘ई’ची लस चीनने २०११ साली मान्य केली, २०२२ साली दक्षिण सुदानमधील बेन्तिऊच्या निर्वासितांस ती साथीत टोचण्यात आली, भारतात ती अजून सर्वसाधारण वापरात आलेली नाही.

तोवर पथ्य हीच लस, आणि ते पाळणे रुग्णापेक्षा त्याच्या आप्तांस अवघड जाते. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पेला नाकारणारा माणूस यजमानास उद्धट वाटतो. घरून आणलेली बाटली टेबलावर ठेवली, तर मावशी रागावतात. कोशिंबीर बाजूस सारली, तर वहिनींस वाईट वाटते. पुष्कळ रुग्ण ह्या भिडेपोटीच दोन घास खातात, आणि संसर्ग झालाच तर त्याची चाहूल दोन ते दहा आठवड्यांनी लागते. तेव्हा ती पंगत कोणास आठवतही नाही. म्हणून अशा घरातील गृहिणीने रुग्णाच्या नियमित रक्तपरीक्षेचे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लावून ठेवावेत. यकृताच्या द्रव्यांचा आकडा मागील खेपेपेक्षा वाढलेला दिसला, तर डोळे कितीही पांढरे असोत, पुढल्या भेटीची वाट न पाहता ते कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत, आणि ‘ई’ विषाणूच्या आरएनएची परीक्षा करावयाची का, असे स्पष्ट शब्दांत विचारावे.